टेक्सास : खेड्यातल्या जमिनीचं अप्रेझल वाढवून आलंय, प्रोटेस्ट (हरकत) कसा करायचा?

काळी_माती | २९ एप्रिल २०२५, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी, इथे टेक्सासमधले बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय.

ह्यूस्टनपासून दीड-दोन तासांवर एका छोट्या काउंटीत आम्ही गेल्या वर्षी मार्चमध्ये १२ एकर जमीन आणि त्यावरचं जुनं फार्महाउस घेतलं. राहतो ह्यूस्टनजवळ केटीलाच, तिकडे शनिवार-रविवार जातो. आधीच्या मालकांच्या वेळी प्रॉपर्टी टॅक्ससाठी धरलेली व्हॅल्यू (अप्रेझल) होती २ लाख ८५ हजार डॉलर, आम्ही घेतलं ३ लाख ६० हजारांना, आणि परवा नोटीस आली ती थेट ४ लाख ४० हजारांची! घेतल्यापासून तिथे एक खिळासुद्धा ठोकलेला नाही, उलट जुलैत बेरिल वादळ आलं त्यात गोठ्याचे पत्रे उडाले ते अजून तसेच आहेत. मागची ५ एकर क्रीकच्या काठाला, जोराचा पाऊस झाला की आठवडाभर पाणी हटत नाही आणि मधून गॅसची पाइपलाइन गेलीय. तिकडे शाळा, काउंटी, हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट, फायर असं सगळं धरून शंभर डॉलरला १.८० च्या आसपास दर पडतो, म्हणजे वर्षाला ७,९०० च्या वर.

शहरात लोक एजंटला देऊन मोकळे होतात, पण मी ज्यांना फोन केला त्यांनी त्या काउंटीत काम करत नाही असं सांगितलं. तर आपणच करावं म्हणतेय. सुरुवात कुठून करू? कोणी खेड्यातल्या जमिनीसाठी केलंय का?

हिशेबनीस | २९ एप्रिल, रात्री १०:०२

नक्की करा, वकील लागत नाही, एजंट लागत नाही, फी नाही.

आधी मुदत बघा. १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातलं जे नंतरचं असेल ते. फॉर्म ५०-१३२, राज्याच्या कंट्रोलरच्या (टॅक्सचं काम बघणारं खातं) साइटवर आहे, तुमच्या नोटिशीबरोबरही आला असेल. त्यात कारणांच्या चौकटी असतात. दोन्हीवर खूण करा, 'व्हॅल्यू मार्केटपेक्षा जास्त आहे' आणि 'इतरांच्या तुलनेत असमान अप्रेझल आहे'. एकच केलीत तर हिअरिंगला दुसऱ्या मुद्द्यावर बोलताना अडवू शकतात. पोस्टाने पाठवत असाल तर सर्टिफाइडने, नाहीतर ऑफिसात नेऊन द्या आणि शिक्का मारलेली प्रत घेऊन या.

नवीन लोकांसाठी एक सांगतो कारण दर वर्षी हाच घोळ होतो. अप्रेझल डिस्ट्रिक्ट फक्त व्हॅल्यू ठरवतं, टॅक्सचा दर शाळा, काउंटी, शहर हे ठरवतात. त्यामुळे प्रोटेस्टमध्ये टॅक्स परवडत नाही, शाळेला आमची मुलं जात नाहीत, हे बोलून काही उपयोग नाही, त्यांच्या हातातच नाहीये ते. १ जानेवारी २०२५ ला ही मालमत्ता खुल्या बाजारात कितीला गेली असती एवढाच प्रश्न. तुमचे पत्रे जुलै २०२४ मध्ये उडाले आणि १ जानेवारीला तसेच होते, म्हणजे ते मोजलं जायला हवं. हेच फेब्रुवारीत उडाले असते तर या वर्षी उपयोग नव्हता.

शरयू | २९ एप्रिल, रात्री १०:२०

पण वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही ना? आमच्या फ्रिस्कोच्या घराला तर ती कॅप आहे.

हिशेबनीस | २९ एप्रिल, रात्री १०:४१

शरयू, १० टक्के फक्त होमस्टेडला, म्हणजे आपण राहतो त्या घराला. बाकीच्या मालमत्तेला २०२४ पासून २० टक्क्यांची कॅप आणलीय, साधारण ५० लाख डॉलरपर्यंतच्या मालमत्तेला, आणि ती सध्या २०२६ पर्यंतच आहे. पण मालक बदलला की ती तुटते. काळी_माती यांनी मार्च २०२४ मध्ये घेतलं म्हणजे १ जानेवारीला मालक असण्याचं त्यांचं पहिलं वर्ष २०२५, कॅप लागणार २०२६ पासून. म्हणून या वर्षी पूर्ण वाढ अंगावर आलीय. आणि म्हणूनच या वर्षीचा प्रोटेस्ट महत्त्वाचा, कारण पुढच्या वर्षीचे २० टक्के या वर्षीच्या आकड्यावर मोजले जाणार.

गोदाकाठ | ३० एप्रिल, सकाळी ६:३५

काळी_माती, सगळ्यात आधी हे सांगा की आधीच्या मालकाला ॲग व्हॅल्यूएशन (शेतीच्या वापरामुळे लागणारी कमी व्हॅल्यू) होतं का? असलं तर तुमच्या नावाने नवा अर्ज करावा लागतो, मालक बदलला की आपोआप पुढे चालू राहत नाही, फॉर्म ५०-१२९, आणि मुदत १ मेच्या आत म्हणजे आजच संपतेय. नंतरही एआरबी (अप्रेझल रिव्ह्यू बोर्ड, प्रोटेस्ट ऐकणारं बोर्ड) रेकॉर्ड मंजूर करेपर्यंत देता येतो पण जी बचत होते तिच्या १० टक्के दंड भरून. जमीन घेणाऱ्या आपल्या किती लोकांना हे कोणी सांगतच नाही, रिअल्टर सांगत नाही, टायटल कंपनी सांगत नाही, आणि मग एकरी नाममात्र व्हॅल्यूवरून एकदम मार्केट व्हॅल्यूवर येतात.

काळी_माती | ३० एप्रिल, सकाळी ७:१०

बापरे, हे माहीतच नव्हतं. पण नाही, चौकशी केली होती, गाई २०१९ पर्यंत होत्या, मग ते मालक आजोबा आजारी पडले आणि ते बंद झालं. पाचेक वर्षं नुसती पडीक.

गोदाकाठ | ३० एप्रिल, सकाळी ८:०५

मग यंदा नाही मिळणार, गेल्या ७ पैकी ५ वर्षं शेतीचा वापर दाखवावा लागतो. पुढचं पुढे बघू, आधी हे.

आमची इथे ३० एकर आहे, गवत आणि थोडी जनावरं, छोट्या काउंटीत बरीच वर्षं राहतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. शहरात डलासला किंवा ह्यूस्टनला एकाच कॉलनीत एकसारखी पन्नास घरं विकली गेलेली असतात, त्यांच्याकडे आकडे भरपूर. खेड्यात वर्षाला व्यवहारच मोजके, त्यात टेक्सासमध्ये विक्रीची किंमत सरकारला कळवायची सक्ती नाही, त्यामुळे अप्रेझल डिस्ट्रिक्टला खरे आकडे कमी मिळतात. अनेक लहान काउंट्या तर अप्रेझलचं काम बाहेरच्या कंपन्यांना कंत्राटावर देतात. ती माणसं तुमच्या गेटच्या आत आलेली नसतात. वरून काढलेला फोटो, रस्त्यावरून दिसलं तेवढं आणि एक तक्ता, या आकाराच्या जमिनीला एकरी इतके. तुमच्या क्रीककाठच्या ५ एकरांना आणि वरच्या माळाच्या ७ एकरांना एकच दर लावला असेल, पैजेवर सांगतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रॉपर्टी रेकॉर्ड कार्ड मागवा. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो ना, घर किती फुटांचं, पत्र्याचं की स्लॅबचं, तसंच हे. त्यातली प्रत्येक ओळ स्वतः टेप घेऊन ताडून बघा. घराचं क्षेत्रफळ, बांधल्याचं साल, एसी कुठल्या खोल्यांना, शेड किती बाय किती, विहिरीचं पाणी की सार्वजनिक, सेप्टिक आहे का, डांबरी रस्ता लागतो का.

दुसरं काम, प्रोटेस्ट भरतानाच लेखी मागणी करा की हिअरिंगला तुम्ही जे जे पुरावे, तक्ते, सूत्रं वापरणार आहात ते सगळं मला द्या. हा आपला कायद्याने हक्क आहे, पैसे घेऊ शकत नाहीत, आणि मागितलेली गोष्ट हिअरिंगच्या १४ दिवस आधी दिली नाही तर त्यांना ती हिअरिंगला वापरता येत नाही. फोनवर मागू नका, लेखीच मागा. खेड्यातली ऑफिसं लहान असतात, तीन-चार माणसं सगळं सांभाळतात, वागायला अतिशय चांगली असतात आणि त्या चांगुलपणात आपण लेखी मागायचं सोडून देतो.

आणि एक. एआरबीवर बसणारी माणसं तुमच्याच गावातली असतात, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी शेतकरी, फीड स्टोअरमध्ये भेटतात. हिअरिंगच्या आधी त्यांच्याशी या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. त्यांना तशी शपथ लिहून द्यावी लागते आणि बोलणं झालं असेल तर त्यांना तुमच्या केसवरून उठावं लागतं.

वाटसरू | ३० एप्रिल, दुपारी १२:४८

गोदाकाठ, प्रतिसाद सेव्ह करून ठेवलाय.

एक शंका. क्लोझिंग स्टेटमेंट (खरेदीच्या किमतीचा कागद) दाखवायचं का नाही? माझ्या ऑफिसमधले सगळे म्हणतात किंमत कधीच सांगायची नाही.

हिशेबनीस | ३० एप्रिल, दुपारी १:३०

सांगायची सक्ती नाही. पण यांनी ३,६०,००० ला घेतलंय आणि व्हॅल्यू लागलीय ४,४०,०००, तर याच्यापेक्षा भक्कम कागद दुसरा कुठला? दाखवावाच. ज्यांनी जास्त किमतीला घेतलंय त्यांनी स्वतःहून द्यायची गरज नाही, मात्र हिअरिंगला शपथ असते, विचारलं तर खोटं बोलायचं नाही. ते माझ्या दृष्टीने तडजोडीच्या पलीकडचं आहे.

एवढी वाढ का झाली असेल तेही सांगतो. राज्याचा कंट्रोलर दोन वर्षांतून किमान एकदा प्रत्येक शाळा डिस्ट्रिक्टच्या किमतींचा अभ्यास करतो. स्थानिक व्हॅल्यू मार्केटच्या बरीच खाली आढळली तर शाळेच्या राज्याकडून येणाऱ्या पैशांवर परिणाम होतो. त्यामुळे अप्रेझल डिस्ट्रिक्टवर वर न्यायचा दबाव असतो आणि मग सगळ्या एकरांना एकाच फटक्यात दर लागतो. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण सरसकट दरात तुमची ओली जमीन कोरडी धरली जाते आणि ते दाखवून देणं आपल्यालाच करावं लागतं.

तळेगावकर | १ मे, सकाळी ९:२२ (भारत)

महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा सर्वांना. वाचतोय आवडीने. आमच्या गावाला घरपट्टीची आकारणी यादी लागते, हरकती मागवतात, पण यादी लागलेली कळतच नाही कोणाला. तिकडे घरी नोटीस येते हेच मोठं वाटलं. एक विचारायचं होतं, सिद्ध कोणी करायचं असतं? मालकाने की ऑफिसने?

हिशेबनीस | १ मे, सकाळी ८:१५ (टेक्सास)

फार नेमका प्रश्न विचारलात. ऑफिसने! व्हॅल्यू बरोबर आहे हे अप्रेझल डिस्ट्रिक्टने पुराव्याने दाखवायचं असतं आणि ते जमलं नाही तर निकाल मालकाच्या बाजूने. बहुतेक लोक आरोपीसारखे जाऊन बसतात, त्यांना हे माहीतच नसतं.

काळी_माती | २४ मे, रात्री ८:५०

अपडेट देतेय. प्रोटेस्ट भरला, सोबत लेखी मागणीही दिली, आणि त्यांच्या पुराव्यांचं पाकीट आलं. गोदाकाठ, तुम्ही म्हणालात तस्संच, १२ च्या १२ एकरांना एकरी १८,०००, क्रीक नाही, पाइपलाइन नाही, काही नाही.

रेकॉर्ड कार्डावर घर २,३४० चौरस फूट. आम्ही दोघांनी टेप लावून मोजलं तर १,८६० भरतं. उरलेले ४८० म्हणजे मागचा जाळीचा पोर्च, ज्याला कधीतरी कोणीतरी प्लायवूड मारून बंद केलंय, एसी नाही, हीटिंग नाही, खाली सिमेंटचा कोबा आणि कोपऱ्यात वॉटर हीटर. तो राहायची खोली म्हणून धरलाय. तुलनेला तीन व्यवहार दिलेत, त्यातले दोन तळ्याकाठच्या नव्या वस्तीतले आहेत, डांबरी रस्ता, सार्वजनिक पाणी, आणि तिसरा २०२२ मधला. प्रत्यक्ष जाऊन तिन्ही गेटबाहेरून फोटो काढले.

अप्रेझरशी आधी अनौपचारिक बोलणं झालं, सभ्य माणूस. पोर्चचं त्यांनी लगेच मान्य केलं आणि ३५ हजार कमी करून ४ लाख ५ हजारांवर यायला तयार झाले. जमिनीच्या दराला मात्र हात लावणार नाही म्हणाले. आणि आमची खरेदी मोजत नाहीत कारण वारसांनी घाईत विकलं म्हणे. सही करू का? नवरा म्हणतोय घे आणि संपव.

शरयू | २४ मे, रात्री ९:०५

मी असते तर घेतलं असतं. ३५ हजार काही कमी नाहीत, कामाच्या दिवशी सुट्टी काढून दोन तास गाडी चालवत जायचं, आणि बोर्डाने नाही म्हटलं तर?

गोदाकाठ | २४ मे, रात्री ९:४०

शरयूताई, तुमचं म्हणणं रास्त आहे पण इथे सही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सही केली की या वर्षीचा विषय कायमचा मिटला, पुढे जाता येत नाही. उरलेला मुद्दा जमिनीचा आणि तीच तर तुमची खरी बाजू. पोर्चची चूक त्यांचीच होती, ती दुरुस्त करून त्यांनी तुम्हाला काही दिलं असं मी मानत नाही.

आणि घाईत विकलं म्हणतात तर लिस्टिंग किती दिवस होतं ते काढा. कायद्यातली मार्केट व्हॅल्यूची व्याख्याच अशी आहे की खुल्या बाजारात ठेवलेली आणि गिऱ्हाईक मिळायला पुरेसा वेळ दिलेली मालमत्ता. रिअल्टरकडून लिस्टिंगचा इतिहास मागवा.

हिशेबनीस | २५ मे, सकाळी १०:१२

गोदाकाठांशी सहमत, आणि एक तांत्रिक कारण देतो. एआरबीच्या निकालाने व्हॅल्यू कमी झाली तर पुढच्या वर्षी त्यांनी ती वाढवली आणि तुम्ही प्रोटेस्ट केलात, तर त्यांना नेहमीपेक्षा जास्त ठाम पुरावा द्यावा लागतो. लेखी तडजोडीने कमी झाली असेल तर तो फायदा तुम्हाला मिळत नाही. वर्षाला दीड-दोनशे डॉलरचा फरक असता तर मीही घ्या म्हटलं असतं, इथे ४,०५,००० आणि जमिनीचा मुद्दा धरून मागता येतील ते साधारण ३,५०,००० यांच्यामध्ये वर्षाला जवळजवळ हजार डॉलर आहेत.

जाणं जमत नसेल तर शपथपत्र देऊन फोनवर हिअरिंग घेता येते, १० दिवस आधी लेखी कळवावं लागतं. पण खेड्यात प्रत्यक्ष जा. फोटो हातात देता येतात.

काळी_माती | १९ जून, संध्याकाळी ७:३३

झालं! ३ लाख ५२ हजार!

नीट लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. लिस्टिंगचा इतिहास मिळाला, घर जवळजवळ पाच महिने बाजारात होतं आणि मध्ये किंमत उतरवलेलीही होती. त्याचं एक पान, फेमाच्या (सरकारी आपत्ती खातं) पूर नकाशाचं एक पान ज्यावर क्रीकची बाजू 'झोन ए' मध्ये, म्हणजे पूरक्षेत्रात रंगवलेली दिसते, पाइपलाइनच्या इझमेंटचा (जमीन वापरायच्या हक्काचा) कागद जो क्लोझिंगच्या फाइलमध्ये होताच, पोर्चचे आणि गोठ्याचे फोटो, पत्र्यांचं कोटेशन, त्यांच्या तीन व्यवहारांचे फोटो आणि आमचं क्लोझिंग स्टेटमेंट. सगळ्याला पान क्रमांक घालून बोर्डावरच्या प्रत्येकाला एक, अप्रेझरला एक आणि स्वतःला एक असे संच केले. वर एकच पान, त्यात आमच्या मते व्हॅल्यू किती आणि का, पाच ओळींत. हे पान सगळ्यात कामाला आलं, कारण पंधरा मिनिटांच्या वर वेळ नसतो आणि त्यांनी ते पुढ्यात धरूनच सगळं ऐकलं.

अप्रेझल डिस्ट्रिक्टच्याच इमारतीत मागची खोली, तीन जण बोर्डावर, शपथ झाली. आधी अप्रेझर बोलले, एकरी दराचा तक्ता वाचला. मग मी. मी टॅक्स हा शब्द तोंडातून काढला नाही. नकाशा उघडला आणि म्हटलं, या रेषेच्या खाली घर बांधणं, सेप्टिक टाकणं सोपं नाही, आणि या पट्ट्यात पाइपलाइनमुळे मनासारखं खणताही येत नाही, तरी याला माळाच्या जमिनीचा दर आहे. बोर्डावरच्या एका आजोबांनी, हातावरून शेतकरीच वाटत होते, अप्रेझरला विचारलं, तुम्ही क्रीकपर्यंत चालत गेला होतात का? ते म्हणाले नाही, हवाई फोटोवरून. आजोबांनी फोटो परत एकदा जवळ घेऊन बघितला, डोक्याएवढ्या गवतात पाणी उभं आहे तो, मार्चमधला, आणि मग त्यांनीच प्रस्ताव मांडला. त्या ५ एकरांचा दर निम्म्याहून खाली आणला. पोर्चचे ३५ हजार तर आधीच कमी होते, त्याच्यावर हे ५३ हजार. घर घाईत विकलेलं नाही हे अध्यक्षांनी स्वतः लिस्टिंगच्या पानावर बोट ठेवून वाचून दाखवलं.

एकूण ८८ हजार कमी, म्हणजे या दराने वर्षाला साधारण १,५८० डॉलर. गोदाकाठ, हिशेबनीस, तुमचे दोघांचे मनापासून आभार, नुसतं लिहिते असं नाही, खरंच.

तळेगावकर | २० जून, सकाळी १०:०५

अभिनंदन! आमच्या ग्रामपंचायतीत घराची मोजणी चुकीची लागलीय, हे वाचून आता टेप घेऊन मीही मोजणार आणि लेखी हरकत देणार.

रानपाखरू | २० जून, रात्री ११:१६

अभिनंदन ताई! आमचं उलट झालं. सॅन अँटोनियोच्या बाहेर ८ एकर आहे, हिअरिंगला पूरक्षेत्राचा नकाशा दिला तरी बोर्डाने एक डॉलर कमी केला नाही, नकाशाकडे नीट बघितलंही नाही. आता कोर्टातच जायचं का? वकिलाचा खर्च कुठून आणायचा?

हिशेबनीस | २१ जून, सकाळी ७:५०

कोर्ट हा एकच रस्ता नाही. बाइंडिंग आर्बिट्रेशन मागा, म्हणजे त्रयस्थ लवादाचा बंधनकारक निकाल. बोर्डाचा लेखी आदेश हातात पडल्यापासून ६० दिवसांच्या आत कंट्रोलरकडे अर्ज, म्हणून पाकिटावरची तारीख जपून ठेवा. राहतं घर नसलेल्या १० लाख डॉलरपर्यंतच्या मालमत्तेला ५०० डॉलर डिपॉझिट आहे. आर्बिट्रेटरने ठरवलेली किंमत बोर्डापेक्षा तुमच्या आकड्याच्या जवळ आली तर ५० डॉलर कापून बाकीचे परत मिळतात, नाहीतर जातात. त्यामुळे अर्जात तुमच्या मताची जी व्हॅल्यू लिहाल ती वाजवी लिहा, उगाच खाली ओढू नका. तोच नकाशा, तेच फोटो द्या, पण यावेळी वर पाच ओळींचं पान घाला, वर सांगितलंय तसं. आणि काहीही झालं तरी वादात नसलेला टॅक्स ३१ जानेवारीच्या आत भरायचाच, थकबाकी दिसली तर अर्जच बाद होतो.

गोदाकाठ | २१ जून, सकाळी ८:२५

रानपाखरू, आदेशाची प्रत नाव-पत्ता झाकून इथे टाका, बघू काय लिहिलंय.

आणि काळी_माती, ॲग व्हॅल्यूएशनसाठी तुमची १२ एकर म्हणजे मधमाश्यांना बसते. ५ ते २० एकरांसाठी कायद्यात तशी तरतूद आहे. बऱ्याच काउंट्यांत पहिल्या ५ एकरांना ६ पेट्या आणि पुढे दर अडीच एकरांना एक असा हिशेब असतो, म्हणजे तुमच्या ९ होतील, पण तुमच्या काउंटीचे नियम ऑफिसातून लेखी घ्या. या वर्षी सुरू केलंत तरच पाच वर्षं मोजायला लागतील. क्रीककाठी पेट्या ठेवू नका, माळावर पूर्वेकडे तोंड करून ठेवा. पेट्यांचे फोटो, खरेदीच्या पावत्या आणि मधमाशीवाल्याशी केलेला करार पहिल्या दिवसापासून फाइलला लावत चला.

काळी_माती | २१ जून, दुपारी ४:०२

९ पेट्या! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो आत्ताच गुगल करतोय. गोदाकाठ, तुमच्या ओळखीत पेट्या भाड्याने ठेवणारं कोणी आहे का? असेल तर व्यनि कराल का?